स्लाइडवरचं वाचून दाखवायचं की नाही? (आठवी, हृदय, आणि "भरीव पीपीटी")

शाई_पेन

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी नेरूळच्या बाजूच्या एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. सेमी-इंग्रजी. पुढच्या आठवड्यात पाठ बघायला बाहेरून मंडळी येणार आहेत. विषय हृदय आणि रक्ताभिसरण. वरून फर्मान असं, की "पीपीटी भरीव हवी". भरीव म्हणजे स्लाइडवर मजकूर दिसला पाहिजे, काहीतरी हललं पाहिजे आणि जमलं तर मागे हळू आवाजात संगीत.

रविवार घालवून 34 स्लाइड्स केल्या. काल 'ब' तुकडीवर रंगीत तालीम घेतली. मी स्लाइडवरची वाक्यं वाचत होते आणि मुलं माझ्या आधी वाचून मोकळी होऊन माझ्याकडे बघत बसली होती. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी इतिवृत्त वाचत असताना आपण बघतो ना, अगदी तसं. सातव्या स्लाइडला दुसऱ्या बाकावरच्या एकीने हळूच विचारलं, "मॅडम, वाचू की ऐकू?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी येताना ट्रान्सहार्बरला ऐरोलीपर्यंत तेच डोक्यात.

म्हणून विचारते: स्लाइडवर पूर्ण वाक्यं लिहून वाचून दाखवायची, की नुसती चित्रं ठेवून बोलायचं? अनुभव सांगा. "पीपीटी बंद करा" हे उत्तर नको, तो पर्याय माझ्या हातात नाही.

घोडबंदरचा_घोडा

त्या मुलीला आमच्या ऑफिसात घ्या. गेली अकरा वर्षं दर सोमवारी मला हाच प्रश्न पडतो, विचारायची हिंमत होत नाही.

खडूवाले_सर

पीपीटी बंद करा.

(हलके घ्या, ताई. सविस्तर रात्री लिहितो.)

फॉरवर्डमामा

स्लाइड हवीच! शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय की माणूस वाचलेलं 10 टक्के, ऐकलेलं 20 टक्के, पाहिलेलं 30 टक्के आणि पाहिलेलं-ऐकलेलं मिळून 50 टक्के लक्षात ठेवतो. त्रिकोणाचं चित्र आहे माझ्याकडे, डकवू का?

अनू_ऐरोली

मामा, नका डकवू. तो त्रिकोण एडगर डेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाच्या नावावर खपवतात. त्यांनी 1946 साली अनुभवांचा शंकू मांडला होता खरा, पण त्यात टक्के नव्हतेच. ते नंतर कुणीतरी चिकटवले. इतके गोल गोल आकडे प्रयोगातून येतात का? आमच्या धंद्यात दर दुसऱ्या प्रशिक्षणात तो त्रिकोण पहिल्या स्लाइडवर असतो, म्हणून जरा वैतागून लिहिलं.

शाई_पेन, तुमच्या विद्यार्थिनीने जे विचारलं त्यावर लोकांनी कारकीर्दी घालवल्या आहेत. मी ई-लर्निंगमध्ये आहे, कंपन्यांचे कोर्स बनवते. आमच्याकडे याबाबतीत रिचर्ड मेयर हे नाव चालतं. मानसशास्त्राचे प्राध्यापक, कॅलिफोर्निया विद्यापीठ, सांता बार्बरा. चित्र आणि शब्द एकत्र आले की माणूस नेमकं कसं शिकतो, यावर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दशकानुदशकं छोटे छोटे प्रयोग केले. वीज कशी पडते, सायकलचा पंप कसा चालतो, गाडीचा ब्रेक कसा लागतो, असले साधे विषय घेऊन.

थोडक्यात सांगायचं तर डोक्यात दोन दरवाजे आहेत, डोळ्याचा आणि कानाचा. दोन्ही अरुंद. चित्र डोळ्याने जातं, बोलणं कानाने, दोघं आत भेटतात आणि अर्थ लागतो. गोची अशी, की छापील अक्षरंही डोळ्याच्याच दरवाजाने जातात. म्हणजे हृदयाचं चित्र, शेजारी चार ओळी आणि वर तुमचा आवाज असं सगळं एकदम आलं, तर चित्र आणि ओळी एकाच दारात धक्काबुक्की करतात. शिवाय पोरं ओळी आणि तुमचा आवाज जुळतोय का हे तपासत बसतात, त्यात शक्ती जाते ती वेगळीच. मेयर यांच्या प्रयोगांत नुसतं चित्र-अधिक-निवेदन पाहिलेले विद्यार्थी, चित्र-निवेदन-आणि-तेच-शब्द-पडद्यावर पाहिलेल्यांपेक्षा सरस ठरले, विशेषतः "मग असं झालं तर काय होईल" अशा प्रश्नांत.

तर उत्तर: चित्र समोर असताना वाक्यं वाचून दाखवू नका.

बेलापूर_बाबू

अनूताई, तत्त्व पटलं. पण आमच्या कार्यालयात स्लाइड बोलण्यासाठी नसतेच, ती फाइलला लावण्यासाठी असते. बैठकीला न आलेल्या साहेबाला ती दुसऱ्या दिवशी मेलवर जाते. नुसतं चित्र पाठवलं तर साहेब विचारणार, यात टिपणी कुठे आहे?

अनू_ऐरोली

मग दोन वस्तू करा, बाबू. दाखवायची वेगळी, पाठवायची वेगळी. मजकूर स्लाइडच्या खाली नोट्समध्ये टाका आणि नोट्ससकट पीडीएफ पाठवा. एकाच कपड्यात लग्नही आणि पोहणंही होत नाही.

बेलापूर_बाबू

करून बघतो. यावरून आठवलं, नासाचं कोलंबिया अवकाशयान. 1 फेब्रुवारी 2003, परतताना फुटलं, कल्पना चावला त्यात होत्या. त्या चौकशी मंडळाच्या अहवालात चक्क पॉवरपॉइंटवर टिपणी आहे. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा पंखावर आदळला, त्याने किती नुकसान झालं असेल याचं विश्लेषण अभियंत्यांनी स्लाइडवरच दिलं होतं. चाचण्या ज्या आकाराच्या तुकड्यांवर झाल्या होत्या त्याच्या कितीतरी पट मोठा हा तुकडा होता, आणि ही गोष्ट कुठे लिहिली होती? बुलेटच्या खालच्या बुलेटच्या खाली, बारीक टायपात. शीर्षक मात्र दिलासा देणारं. माहिती कशी मांडावी याचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी त्या एका स्लाइडची चिरफाड करून ठेवली आहे.

आमच्या टिपण्या इतक्या जीवघेण्या नसतात, पण खरी गोष्ट तिसऱ्या पायरीवर ढकलायची सवय तीच.

क्लासवाला_कळवा

आमच्या क्लासला या, लाइव्ह बघा. तीन कॅमेरे, मागे एलईडी, प्रत्येक बरोबर उत्तराला टाळ्यांचा आवाज. पोरं एक मिनिट मान खाली घालत नाहीत. संशोधन वगैरे ठीक आहे हो, पण झोपलेल्या पोराला कुठलं तत्त्व शिकवणार? आधी जागं ठेवा.

आणि एक. काही पोरं व्हिज्युअल असतात, काही ऑडिटरी. आम्ही प्रवेशाच्या वेळी चाचणी घेऊन बॅच पाडतो.

अनू_ऐरोली

बॅच पाडायचं थांबवलंत तर चाचणीचा खर्च वाचेल. 2008 मध्ये पॅशलर आणि तीन सहकाऱ्यांनी या शिकण्याच्या शैलींचा आढावा घेतला. मुलाच्या "शैली"प्रमाणे शिकवल्याने तो जास्त शिकतो, हे नीट दाखवणारा पुरावा त्यांना मिळाला नाही. आवड असते, ते खरं. मलाही वाचायला आवडतं. म्हणून मला मोदक वळायला वाचून येतं असं नाही. दोन दरवाजे सगळ्यांनाच आहेत.

टाळ्यांबद्दल: वीज कशी तयार होते या पाठात हार्प आणि मेयर यांनी 1998 मध्ये विजेच्याच, पण मुद्द्याशी संबंध नसलेल्या खमंग गोष्टी घातल्या. वीज अंगावर पडलेल्या खेळाडूची वगैरे. गोष्टी मजेदार होत्या, पण वीज तयार कशी होते हे वाचणाऱ्यांना कमी आठवलं आणि कमी लावता आलं. पोरं जागी राहतात हो तुमची, पण टाळ्यांसाठी.

क्लासवाला_कळवा

निकाल बघा आमचा मग बोला.

घोडबंदरचा_घोडा

🍿

महापे_मेकॅनिक

मी शिक्षक नाही. टीटीसीत (ठाणे-बेलापूरचा औद्योगिक पट्टा) एका केमिकल कारखान्यात मेंटेनन्सला आहे आणि नवीन पोरांना सेफ्टीचं ट्रेनिंग मलाच द्यावं लागतं. माझी गोष्ट सांगतो, कुणाला उपयोग झाला तर झाला.

आमच्याकडे पंप उघडण्याआधी लाइन बंद करून कुलूप-टॅग लावायची पद्धत आहे. त्याची एक स्लाइड बाहेरच्या कन्सल्टंटने करून दिली होती. वर लाइनचं ड्रॉइंग, त्यावर 1 ते 9 आकडे गोलात. खाली तक्ता, 1 म्हणजे सक्शन व्हॉल्व्ह, 2 म्हणजे डिस्चार्ज, 3 म्हणजे ड्रेन, असं. दिसायला एकदम कंपनीसारखी. मी शिकवायचो, पोरं हो हो म्हणायची, आणि जागेवर नेलं की भलत्याच व्हॉल्व्हला हात.

एकदा मी स्क्रीनकडे न बघता पोरांच्या डोळ्यांकडे बघत बसलो. मान वर, खाली, वर, खाली. आकडा बघायचा, तक्त्यात शोधायचा, परत वर येईपर्यंत आकडा कुठला होता तेच विसरायचं. टेबल टेनिसची मॅच बघतात तसं.

मग मोबाइलवर आमच्याच लाइनचा फोटो काढला. व्हॉल्व्हच्या अंगावरच मोठ्या अक्षरात नाव लिहिलं. ज्या व्हॉल्व्हबद्दल बोलतोय तेवढाच रंगीत, बाकी सगळं करडं. एका स्लाइडवर एकच कुलूप. एकाची नऊ स्लाइड झाली. वरून विचारणा झाली, ट्रेनिंग लांबलं का. लांबलं नाही, उलट लवकर संपतं, कारण परत परत विचारत नाहीत.

पण एक गडबड झाली. वीस-वीस वर्षं प्लँटवर काढलेल्यांना तेच दाखवलं तर ते चिडले. एक काका म्हणाले, "मला बाण दाखवतो काय रे, मी लावलाय तो व्हॉल्व्ह." त्यांच्यासाठी जुनं ड्रॉइंगच बरं निघालं.

अनू_ऐरोली

महापे_मेकॅनिक, तुम्हाला साष्टांग. नाव चित्राजवळ ठेवा, हवं तेवढंच उजळा, तुकडे करा, ही तिन्ही तत्त्वं तुम्ही पोरांच्या मानांवरून शोधून काढलीत. आणि काकांचं चिडणं हेही संशोधनात आहे. नवशिक्याला जी कुबडी लागते तीच जाणत्याच्या पायात येते. कालयुगा, स्वेलर वगैरे मंडळींनी 2003 मध्ये त्यावर लिहिलंय.

महापे_मेकॅनिक

काकांना सांगतो तुमच्यावर संशोधन झालंय. खूश होतील.

खडूवाले_सर

आता सविस्तर.

नौपाड्यातल्या एका शाळेत 33 वर्षं शिकवलं. हृदय मी शेकडो वेळा फळ्यावर काढलं असेल. आधी बाहेरची रेघ. मग मधली भिंत. "आता चार खोल्या झाल्या. वरच्या दोन लहान, खालच्या दोन मोठ्या. खालच्या मोठ्या का?" मग थांबायचं. कुणीतरी बोलायचंच. मग निळ्या खडूने शरीराकडून आलेलं रक्त, उजवीकडे. "उजवीकडे म्हणजे कुणाच्या उजवीकडे? माझ्या की चित्राच्या?" पुन्हा थांबायचं. तांबड्या खडूपर्यंत यायला वीस मिनिटं जायची आणि तोपर्यंत फळ्यावरची प्रत्येक रेघ त्यांच्या डोळ्यादेखत जन्मलेली असायची.

तुमच्या 34 स्लाइड्सवर हृदय आयतं येतं. पूर्ण, चकचकीत, सगळ्या नावांसकट. जेवायला बसल्या बसल्या अख्खं ताट एकदम तोंडात कोंबल्यासारखं.

तुमचे ते अमेरिकन प्राध्यापक माझ्या खडूबद्दल काय म्हणतात, अनूताई? एक शंका आणखी. हे सगळे प्रयोग कॉलेजातल्या मुलांवर, दोन-चार मिनिटांच्या फिल्मवर, आणि लगेच परीक्षा. माझ्या वर्गात साठ मुलं, बाहेर गणपतीची वर्गणी मागणारे, आणि परीक्षा सहा महिन्यांनी. तिथले नियम इथे जसेच्या तसे कसे लावायचे?

अनू_ऐरोली

सर, शंका रास्त आहे, आणि ती घेणारे तुम्ही पहिले नाही. बरेचसे प्रयोग खरंच तसेच आहेत. छोटा पाठ, कॉलेजचे विद्यार्थी, लगेच चाचणी. त्यामुळे मी त्यांना नियम म्हणत नाही. स्वयंपाकातल्या मिठाच्या अंदाजासारखं धरते, चव घेऊन कमीजास्त करायचं.

पण खडूबद्दल अमेरिकन प्राध्यापक तुमच्याच बाजूचे आहेत. फिओरेला आणि मेयर यांनी 2016 मध्ये हेच तपासलं. डॉप्लर परिणामाचा (गाडी जवळ येताना-लांब जाताना तिचा आवाज बदलतो तो) पाठ, एका गटाला आकृती आयती काढलेली, दुसऱ्या गटासमोर शिक्षक बोलता बोलता काढतोय. विषयाची आधीची माहिती कमी असलेल्यांना समोर काढलेली जास्त पावली. तुम्ही बोलता तेव्हाच रेघ उमटते, म्हणजे शब्द आणि चित्र एका क्षणी येतात. हात कुठे आहे ते दिसतं, म्हणजे कुठे बघायचं तेही कळतं. आणि माणूस काढतोय म्हणून वेग आपोआप माणसाचा राहतो.

खडूवाले_सर

2016. मी 2011 ला निवृत्त झालो. असो, उशिरा का होईना कळलं त्यांना.

घोडबंदरचा_घोडा

सरांनी एका वाक्यात अमेरिकेला वर्गाबाहेर उभं केलं. 🙏

सई_ची_आई

मी सहसा नुसती वाचते, पण इथे बोलायला हवं.

माझ्या मुलीला श्रवणयंत्र आहे. मुख्य प्रवाहातल्या शाळेत, सातवीत. बाईंचं तोंड फळ्याकडे वळलं की तिचा धागा तुटतो. स्लाइडवर लिहिलेलं असतं म्हणून ती वर्गात टिकते. "मजकूर काढा, बोलणं पुरे" हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. तुमच्या दोन दरवाजांपैकी एक तिच्यासाठी अर्धाच उघडतो.

अनू_ऐरोली

सईची आई, चूक माझी. मी फार ठोकून लिहिलं. तो निष्कर्ष ज्यांना नीट ऐकू येतं आणि जे आपल्याच भाषेत ऐकताहेत त्यांच्यापुरता आहे. व्हिडिओत सबटायटल चालू-बंद करता आलं पाहिजे, आणि वर्गात अशा मुलीच्या हातात मजकुराचा कागद आधीच असला पाहिजे. आम्ही कोर्स बनवताना निवेदनाचा लेखी उतारा देतोच. इथे लिहिताना विसरले.

आणि यावरून शाई_पेनच्या प्रश्नातला एक शब्द मी सोडून दिला हे लक्षात आलं: सेमी-इंग्रजी. ताई, मुलांना "ॲट्रियम" पहिल्यांदा ऐकू येतं तेव्हा ते त्यांना काय ऐकू येतं?

शाई_पेन

बरं झालं विचारलंत. एकाने वहीत "एक्टरियम" लिहिलं, एकीने "ट्रियम". "व्हेंट्रिकल"चं तर "व्हर्टिकल" झालं, आणि ते त्याने वर बाणसुद्धा काढून पटवून दिलं. घरी मराठी, पुस्तक इंग्रजी. काही घरी आगरी बोलतात, काही भोजपुरी.

खडूवाले_सर

आमच्या वेळी कर्णिका आणि जवनिका होतं. मग अलिंद-निलय आलं. आता ॲट्रियम. हृदय तेच.

अनू_ऐरोली

मग उत्तर बदलते. परक्या भाषेत शिकणाऱ्यांना छापील शब्दाचा आधार लागतो, कारण ऐकलेला शब्द हवेत विरतो आणि त्याचं स्पेलिंग कानाला दिसत नाही. मेयर आणि जॉन्सन यांनी 2008 मध्ये आपल्याच जुन्या निष्कर्षाला मुरड घातली. पूर्ण वाक्यं नकोत, पण दोन-तीन शब्द, चित्राला चिकटून, असतील तर फायदा होतो.

तर आता असं करा:

पाठाच्या आधी पाच मिनिटं नुसती नावं. चार कप्पे, दोन मुख्य नळ्या, झडप. इंग्रजी आणि मराठी दोन्ही, कार्डावर, हातात. काय कसं चालतं ते अजून सांगायचंच नाही. नाव आणि काम दोन्ही एकदम शिकायला गेलं की दोन्ही सांडतात. मग फळ्यावर सरांसारखं काढा. मग ॲनिमेशन, पण तुकड्यातुकड्याने. मेयर आणि चँडलर यांनी विजेची 140 सेकंदांची फिल्म 16 तुकड्यांत कापली आणि पुढचा तुकडा कधी बघायचा ते विद्यार्थ्याच्या बोटावर सोडलं, तेवढ्यानेही समज वाढली. तुमच्या वर्गात बोट तुमचं, पण "पुढे जाऊ?" विचारता येईल.

संगीत उडवा. फर्मान निघालं असलं तरी.

आणि "हृदय हे स्नायूंनी बनलेले इंद्रिय असून" असं बोलू नका. "तुझं हृदय" म्हणा. फुप्फुसांच्या पाठात नुसतं तेवढं बदलून बघितलंय लोकांनी, 2004 मध्ये. फरक पडतो.

बेलापूर_बाबू

हे "असून"चं पटलं. आमच्या परिपत्रकातलं वाक्य "असून"ला सुरू होतं आणि तीन पानांनी "येत आहे"ला संपतं.

खडूवाले_सर

एक राहिलं. गोष्टी काढून टाका म्हणता ते मला मान्य नाही. मी हृदयाच्या तासाला विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरची गोष्ट सांगायचो. 1628. तोवर हजारभर वर्षांहून जास्त काळ समजूत अशी की यकृत अन्नातून सतत नवं रक्त बनवतं आणि शरीर ते वापरून टाकतं. हार्वेने हिशोब मांडला. मी मुलांना मांडायला लावायचो, आजच्या आकड्यांनी: एका ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर, मिनिटाला 72 ठोके. गुणा. 5040. म्हणजे मिनिटाला पाच लिटर. अंगात एकूण रक्त किती? पाच लिटरच्या आसपास. आता सांगा, यकृत दर मिनिटाला पाच लिटर नवं रक्त बनवतं का? वर्गात कुणीतरी ओरडायचंच, "सर, तेच परत येतं!"

हे खमंग म्हणून काढून टाकायचं?

अनू_ऐरोली

हे काढलंत तर मीच येऊन भांडेन. तुमच्या गोष्टीतून मुद्दा वजा केला तर गोष्टच उरत नाही. क्लासच्या टाळ्या वजा केल्या तर पाठ जसाच्या तसा राहतो. माझ्यापुरती कसोटी तेवढीच.

क्लासवाला_कळवा

टाळ्या सोडा आता. 5040 चं उद्या वापरतो. सर, परवानगी?

खडूवाले_सर

हार्वेला विचारा.

वाशीकर_सिव्हिल

उशिरा आलो. झडपेसाठी ॲनिमेशन कशाला शोधताय, नव्या मुंबईत राहून? होल्डिंग पाँड दाखवा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आपली बरीचशी नोड्स (नव्या मुंबईतली उपनगरं) मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली भराव घालून वसवली आहेत. पावसाचं पाणी थेट खाडीत सोडलं तर भरतीच्या वेळी खाडीच आत येईल. म्हणून सिडकोने (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) नियोजनातच हॉलंडच्या धर्तीवर धारण तलाव ठेवले. नाल्यांचं पाणी आधी तलावात जमतं, आणि तलावाच्या तोंडाशी फ्लॅप गेट असतं. वरून बिजागरीवर लटकलेलं झाकण, बाहेरच्या बाजूला उघडणारं. ओहोटी लागली की आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर पडतं. भरती आली की खाडीचं पाणी त्याला दाबून बंद करतं. मोटार नाही, माणूस नाही. ज्या बाजूचा दाब जास्त, तसं ते वागतं.

हृदयाची झडप दुसरं काय करते?

शाई_पेन

थांबा. आमच्या शाळेपासून चालत दहा मिनिटांवर एक तलाव आहे. मुलं रोज त्याच्या कडेने येतात. मी सुद्धा.

घोडबंदरचा_घोडा

आणि आपण हृदयाचं चित्र अमेरिकेतून डाउनलोड करतोय.

अनू_ऐरोली

सुंदर आहे. फक्त सांभाळा: तलावाचा फोटो आणि हृदयाची आकृती एकाच स्लाइडवर शेजारी शेजारी, सारख्याच बाणांनी. आणि तलाव कुठे हृदयासारखा *नाही* तेही सांगा. उपमा स्वतःचं सामान घेऊन येते.

शाई_पेन

धागा वर काढतेय. पाठ झाला मंगळवारी. वृत्तांत:

34 च्या 11 स्लाइड्स केल्या. आदल्या दिवशी नावांची कार्डं वाटली आणि घरी कुणाला तरी म्हणून दाखवायला सांगितलं. सईच्या आईंनी सांगितलेलं लक्षात होतं. माझ्या वर्गात ऐकायला त्रास असलेला कुणी नाही असं मी इथे लिहिणार होते, पण आधी विचारून बघितलं तर एक मुलगा वर्षभर डाव्या कानाने कमी ऐकतोय आणि तरी मागच्या बाकावर उजव्या भिंतीला बसतो, म्हणजे चांगला कान भिंतीकडे. त्याला पुढे आणला.

हृदय फळ्यावर काढलं. हात थरथरत होता, मधली भिंत वाकडी आली, एकजण म्हणाला "मॅडम, उजव्या बाजूला बांधकाम वाढवलंय". थांबले, हसू दिलं. 5040 चा हिशोब केला. "तेच परत येतं" कुणी ओरडलं नाही. एक मुलगी पुटपुटली, मी ऐकलं आणि तिला उभं केलं.

मग फ्लॅप गेट. रविवारी ओहोटीला जाऊन फोटो काढला होता आणि भरतीला पुन्हा जाऊन दुसरा. दोन फोटो, दोन झडपा. मी काहीही बोलले नाही, पाच सेकंद. मागून आवाज, "अरे हे तर आपलं तळं!" नंतर विचारलं, झडप नीट बंद झाली नाही तर? त्यावर जो हात वर आला तो "व्हर्टिकल"वाल्याचा. "रक्त उलटं येईल, मग हृदयाला तेच पाणी परत परत काढायला लागेल." पाणी म्हणाला तो. मी दुरुस्त केलं नाही.

बघायला आलेल्यांचा शेरा: विद्यार्थी-सहभाग चांगला. स्लाइड्स रिकाम्या वाटल्या.

घोडबंदरचा_घोडा

फ्रेम करून लावा.

महापे_मेकॅनिक

ताई, ते भरती-ओहोटीचे दोन फोटो पाठवाल का? नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह शिकवायला मला तेच हवेत.

शाई_पेन

पाठवते. आता गंमत ऐका. काल चाचणी घेतली. झडपेचं काम बहुतेकांना आलं. शेवटचा प्रश्न होता, "हृदयविकाराचा झटका का येतो, तुमच्या अंदाजाने लिहा." एकाने लिहिलंय, "खाडीचा गाळ साठून तळं भरतं तसा हृदयात गाळ साठतो." एकीने लिहिलंय, "म्हणून पावसाळ्याच्या आधी हृदय साफ करून घ्यावे."

आणि तिघांनी विचारलंय की हृदयात डास होतात का.

अनू_ऐरोली

सामान आलं म्हणायचं.

शाई_पेन

सोमवारी परत जातेय त्यांच्यावर. गाळ कप्प्यात नाही, हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या बारक्या धमन्यांत, हे काढून दाखवायचंय. वाशीकर, तळ्याच्या भिंतीला पाणी पुरवणारी काही बारीक पाइपलाइन असते का हो?

वाशीकर_सिव्हिल

नसते ताई. इथे माझी उपमा संपली.

खडूवाले_सर

मग तांबडा खडू घ्या.